पाव, लुंग आणि बगळा

ओमानमधल्या समस्त मराठी माणसांत एका पायावर सर्वांत जास्त काळ उभा राहिलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर देण्याचा अधिकार फक्त मला आहे. कारण तो माणूस आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहत होता, आणि त्याचा वर उचललेला पाय खाली टेकवायला लावणारी व्यक्ती मीच आहे.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका मूळचे चिपळूणजवळच्या एका गावचे. घरी पत्नी शाळेत शिक्षिका, तिची नोकरी आणि म्हातारी आई सोडवत नव्हती, म्हणून काका मस्कतमध्ये अल् खुवैरला एका खोलीत चोवीस वर्षं एकटे राहिले. त्यांचं काम क्रेन तपासण्याचं. बंदरावर, कारखान्यात, रस्त्याच्या कामावर जाऊन क्रेनचे दोर, हुक, ब्रेक बघायचे. सगळं ठीक असेल तर हिरवी चिठ्ठी चिकटवायची, नसेल तर लाल. लाल चिठ्ठी लागली की ती क्रेन दुरुस्त होऊन पुन्हा तपासली जाईपर्यंत एक वीटसुद्धा उचलू शकत नसे, मग साइटवर मॅनेजर बोंबलो नाहीतर अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः येवो. काका बारीक, उंच आणि थोडे पुढे वाकलेले होते. पांढरा शर्ट, खिशात चार पेनं आणि पायात जाड सेफ्टी शूज. असा माणूस चिनी मार्शल आर्ट शिकवतो हे सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसला नसता, पण शुक्रवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पत्र्याच्या शेडखाली चौदा मुलं रांगेत उभी राहायची आणि त्यांच्यापुढे काका नारिंगी कव्हरऑलमध्ये. "चिनी पोशाख मिळाला नाही," असं ते सांगत, "पण हा माझ्या गुरूंचाच पोशाख आहे." ते अक्षरशः खरं होतं, पण ते नंतर.

एका पायावर उभं राहणं हे काकांचं मुख्य व्यसन. लिफ्टची वाट पाहताना एका पायावर, गॅलरीत कपडे वाळत घालताना एका पायावर, फोनवर पत्नीशी बोलताना एका पायावर आणि आईशी बोलताना दुसऱ्या. इथे चहा प्यायला कुणी गाडीतून उतरत नाही. दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की चहा काचेपाशी येतो. काका मात्र भर जूनमध्येही उतरत, कारण गाडीत बसून एका पायावर उभं राहता येत नाही. एकदा रेसिडेंट कार्डाच्या रांगेत ते असेच उभे असताना तिथल्या ओमानी अधिकाऱ्याला वाटलं, बिचाऱ्याचा पाय दुखतोय. त्याने त्यांना सगळ्यांच्या पुढे बोलावून खुर्ची दिली. काका "शुक्रन, शुक्रन" म्हणत बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी एक पाय अलगद जमिनीपासून वर उचलला. मी बाबांबरोबर त्याच रांगेत होते. "काका, आता तरी टेका," मी म्हणाले. "अगो, टेकला की बगळा संपला," काका म्हणाले.

त्यांच्या वर्गात पाच शैली होत्या: वाघ, साप, पाव, लुंग आणि बगळा. वाघासाठी ते बोटांचा पंजा करत आणि तोंडाने "हू!" असा आवाज काढत. आमच्या घरी लोणच्याची नवी बरणी आली की आई मला खाली पिटाळायची, "जा, वाघाला बोलव." काका वर येत, बरणीसमोर गुडघे वाकवून उभे राहत, श्वास घेत आणि "हू!" करत. झाकण निघायचंच. एकदा झाकणाबरोबर अर्धं तेलही निघालं आणि पांढऱ्या शर्टावर हातभर लाल डाग पडला. आई ओशाळली. काका शर्टाकडे बघत म्हणाले, "वहिनी, वाघाने शिकार केली म्हणजे रक्त उडणारच." तो शर्ट त्यांनी पुढे वर्षभर घातला.

पाव ही शैली मात्र मुलांची सर्वांत लाडकी. हिच्यात मूठ पूर्ण मिटायची नाही; बोटं मधल्या पेरात दुमडून पुढे काढायची, जसा हातात लादीपावातला एक पाव धरलाय. "दाबू नका रे, पाव चेपता कामा नये!" असं ओरडत काका रांगेतून फिरायचे. मुलं तिला 'वडापाव स्टाइल' म्हणत. लुंग ही शैली त्याहून गूढ. तिच्यात मारामारी फारशी नव्हती. कंबर वळवत, हात लाटेसारखे हलवत लांब लांब श्वास घ्यायचे. काकांच्या मते ती फुप्फुसांची शैली होती. लुंग म्हणजे इंग्रजीतलं लंग, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "चिनी लोकसुद्धा आता इंग्रजी शब्द वापरतात हो," असं ते एका मुलाच्या आजीला समजावून सांगत होते. आजी पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी काकांची 'यल्ला', 'खलास' आणि 'शुवय शुवय' ही रोजची अरबी ऐकून सगळी कवायत अस्सल चिनी भाषेत चालते असा समज करून घेतला होता, आणि पुण्याला जाऊन तसं सांगितलंही.

बगळ्यासाठी काकांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुणी परीक्षेसाठी घेणार नाही. कुरुमला समुद्राच्या कडेला खारफुटी आहे, तिथे बगळे येतात. शनिवारी काका तिथे गाडी उभी करून तासन्‌तास बसायचे. एकदा मला बरोबर घेऊन गेले. मी दहा मिनिटांत कंटाळले. समोर चिखलात एक बगळा उभा होता आणि काहीही करत नव्हता. "बघितलंस?" काका कुजबुजले. "काय?" "मान. पाय हलला, अंग हललं, मान जागेवर. आणि मुलं सगळी मान हलवतात." पुढच्या शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या डोक्यावर एकेक खबूस, म्हणजे इथली चपटी रोटी, ठेवलेली होती. ज्याची रोटी पडेल त्याने ती खायची. वर्गातली दोन मुलं मुद्दाम मान हलवायची.

एकदा आमच्या मराठी मंडळाची सहल इब्राला गेली होती. तिथल्या बाजारात शेळ्याबोकडांचा लिलाव चालला होता. बाकीचे मराठी लोक हलव्याच्या दुकानात शिरले, काका बोकडांच्या गर्दीत. एका बोकडाने मागचे पाय रोवून समोरच्याला टक्कर दिली, तेव्हा काका इतके खूश झाले की त्यांनीही पाय रोवले. बोकडाने याचा अर्थ सरळ घेतला. काका धुळीत बसले, दाढीवाल्या मालकाने बोकडाला आवरलं, हसत हसत काकांना हात देऊन उठवलं. "ह्याला म्हणतात शिकवणं," काका कपडे झटकत मला म्हणाले. "एक शब्द नाही बोलला, पण माझं वजन टाचेवर होतं हे सांगितलं की नाही?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझे बाबा नागपूरचे, इथे इंजिनिअर. आम्ही मस्कतला आलो तेव्हा सामानाचं वजन जास्त झालं म्हणून आईचं पुरणयंत्र मागे राहिलं आणि बाबांची पत्र्याची ट्रंक आली. ट्रंकेत चळवळीची पत्रकं आणि पुस्तिका होत्या. माझ्या शाळेत मराठी नव्हतं. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पिवळ्या पडलेल्या पत्रकांवर. त्यामुळे मला सकाळचा चहा मागतानासुद्धा जाब विचारल्यासारखं बोलायची सवय लागली. काकांना त्याचं फार कौतुक. काका रोज बाबांना 'जय भीम' म्हणायचे आणि बाबा काकांना 'नमस्कार'. दोघांनी आपापली अभिवादनं अदलाबदल करून घेतली होती. आणि मी भेटले की काका म्हणायचे, "काय गो, आज कुणाविरुद्ध?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात काकांच्या वर्गाला वीस मिनिटं मिळाली. इतकी वर्षं पार्किंगमध्ये जे चाललं होतं ते पहिल्यांदाच स्टेजवर जाणार होतं. काका त्या काळात अक्षरशः जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. त्यांनी गावाहून पत्नीला कार्यक्रमासाठी बोलावून घेतलं, तिकीटही काढलं. बावीस वर्षांत ती पहिल्यांदा इथे येणार होती. आणि एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, सोफ्यावर दोन्ही पाय टेकवून बसले, यावरूनच काम गंभीर आहे हे आम्ही ओळखलं. म्हणाले, "तू लिहितेस छान. आमच्या मुलांसाठी निवेदन लिहून दे. प्रत्येक शैली कुठून आली, तिचा अर्थ काय, सगळं. लोकांना कळलं पाहिजे की हा टाइमपास नाही."

मी वही काढली आणि त्यांनी सगळी कथा सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी ते दुकमच्या बाजूला एका साइटवर आठ महिने होते. वाळवंटात कंटेनरच्या खोल्या, समोर समुद्र. तिथे एक चिनी वेल्डर होता, साठीला टेकलेला. काम सुटलं की तो समुद्राकडे तोंड करून हे सगळं करायचा. काका पहिल्या दिवशी लांबून बघत राहिले, दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तो करेल तसं करू लागले. तो काही बोलला नाही. आठवड्याभराने त्याने मागे वळून काकांचा गुडघा लाथेने सरळ केला, तिथून शिक्षण सुरू झालं. दोघांना समान अशी भाषा नव्हती. साइटवरची मोडकी अरबी तेवढी होती: चांगलं झालं की 'मिया मिया', म्हणजे शंभर टक्के, आणि वाईट झालं की नुसताच 'ला'. काका प्रत्येक प्रकाराला नाव विचारायचे, तो सांगायचा, काका डायरीत टिपून घ्यायचे. पंजा दाखवून तो 'हू' म्हणाला. हात सळसळवून 'शऽ' म्हणाला, तो साप हे उघडच होतं. मूठ दाखवून 'पाव' म्हणाला. श्वासाच्या प्रकाराला 'लुंग'. शेवटी तो एका पायावर पंख पसरून उभा राहिला, तेव्हा काकांनीच विचारलं, "हा बगळा ना?" त्याने मान खाली झटकली आणि म्हणाला, "हऽ."

"मी म्हटलं, बघ," काका मला सांगताना हसत होते, "आठ महिन्यांत मराठी समजायला लागलं त्याला."

काम संपलं, वेल्डर चीनला गेला. जाताना त्याने आपला नारिंगी कव्हरऑल काकांना दिला. नाव विचारलंत का, असं मी म्हणाले. "विचारलं होतं गो. त्याने सांगितलंही. मला उच्चार जमेना, मग लिहून घ्यायचं राहिलं. हेल्मेटवर नुसता नंबर होता."

निवेदन चोख व्हावं म्हणून मी त्या रात्रीच्या जेवणाआधी शब्दकोश उघडला, चार व्हिडिओ पाहिले, आणि तासाभरात माझं डोकं तापलं. चिनी भाषेत 'पाव' म्हणजे बिबट्या. 'लुंग' म्हणजे ड्रॅगन. त्याचा फुप्फुसांशी संबंध नाही. आणि 'हऽ' म्हणजे होकार नव्हे, 'हऽ' हेच त्या पक्ष्याचं चिनी नाव. आणि तो पक्षी बगळा नव्हे, त्याला मराठीत क्रौंच म्हणतात, इंग्रजीत क्रेन. म्हणजे बिबट्याऐवजी लादीपाव, ड्रॅगनऐवजी छातीचा व्यायाम, आणि क्रौंचाऐवजी कुरुमच्या चिखलातला बगळा, हे सगळं चौदा मुलांना शास्त्र म्हणून शिकवलं जात होतं.

खाली एक जिना उतरून मी हे त्यांना सांगू शकले असते. ते हसले असते. पोट धरून हसले असते, याची मला आज खात्री आहे. पण मला तेव्हा असं वाटत होतं की सत्य हे चारचौघांतच सांगायचं असतं, एकट्याला सांगितलं तर ती चुगली. मी पत्रक लिहिलं. इथे कागदाची पत्रकं वाटता येत नाहीत, म्हणून मी ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. 'पालकांनो, डोळे उघडा!' असं त्याचं शीर्षक होतं. खाली तिन्ही शब्दांचा पंचनामा, आणि त्याखाली माझे सवाल, अजून पाठ आहेत: या विद्येची परंपरा कोणती? गुरू कोण? गुरूचं नावसुद्धा ज्याला ठाऊक नाही त्याला शिकवण्याचा अधिकार कुणी दिला? आहे काही लेखी पुरावा? भाषा तडफदार होती. लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचून काढलं आणि मला फार बरं वाटलं.

 ग्रुपवर एका आईने 'व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह' लिहिलं. एका वडिलांनी विचारलं, "मग याला बेल्ट, सर्टिफिकेट वगैरे काहीच नाही का?" दुसऱ्याने लिहिलं, "जाऊ द्या हो, मुलं सकाळी लवकर उठतात तेवढं पुरे." आणि त्याखाली काकांचा निरोप आला: "वाचले. तपासतो."

शुक्रवारी मी गॅलरीतून बघत होते. मुलं रांगेत उभी होती. काका आले ते कव्हरऑलमध्ये नाही, ऑफिसच्या पांढऱ्या शर्टात. हातात माझं पत्रक, छापून घेतलेलं. त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि एकेक शब्द समजावून सांगितला. पाव म्हणजे बिबट्या, तेव्हा मुलं आनंदाने ओरडली. लुंग म्हणजे ड्रॅगन, तेव्हा तर दोघेतिघे उड्या मारायला लागले. मग काका म्हणाले, "आणि तो बगळा नाही, तो क्रेन आहे." आणि पहिल्यांदाच स्वतः हसले. "बावीस वर्षं क्रेनच्या तब्येतीचे दाखले देतोय, पण क्रेन नावाचा पक्षी असतो हे मला परवा कळलं."

रांगेतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने हात वर केला. तिचं मराठी अडखळत चालायचं. "अंकल, मग आपला बगळा राँग आहे?"

"बगळा बरोबर आहे बाळा. मी राँग आहे."

मग त्यांनी सांगितलं की वर्ग बंद. कार्यक्रमातलं नावही ते काढून घेणार होते. मुलं एकदम बोलायला लागली, आपसांत इंग्रजीत आणि काकांशी मराठीत, आणि मला वरून दोन्ही ऐकू येत होतं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ही मुलं आठवड्यातून एकदा, एक तास, फक्त मराठीत बोलायची. काकांना इंग्रजी येत होतं, पण वर्गात ते वापरत नसत. 'टाच', 'पेर', 'कुशी', 'पोटरी' हे शब्द त्या मुलांना फक्त ह्या पार्किंगमध्ये भेटले होते. मराठीसाठी तीन लेख लिहिलेल्या मला हे कधी दिसलं नव्हतं.

मी खाली धावले. "काका, मी वर्ग बंद करा असं कुठे म्हटलं? चुका दुरुस्त करा, एवढंच."

"तुझा रिपोर्ट बरोबर आहे गो," काका म्हणाले. आवाजात राग शोधूनही सापडेना. "कागद नसेल तर मी पन्नास टनांची क्रेनसुद्धा उभी करून ठेवतो. मालक रडतो, मॅनेजर शिव्या देतो, मी ऐकत नाही. मग मी तर पासष्ट किलोचा. मला वेगळा नियम कसा लावू?"

"पण मी रागाच्या भरात..."

"तपासणारा रागात आहे की खुशीत, दोराला काय फरक पडतो? दोर तुटका असेल तर तुटका."

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून माझं पत्रक मोबाइलवर वाचत होते. बाबा मला कधी रागवत नसत. त्या दिवशीही रागवले नाहीत. म्हणाले, "छान लिहिलंयस. भाषेवर पकड आली." मग फोन उलटा ठेवला. "गुरू कोण विचारलंस. परंपरा कोणती विचारलंस. अधिकार कुणी दिला, तेही विचारलंस. तुझ्या पणजोबांनी पाटी हातात घेतली तेव्हा गावाने त्यांना हेच तीन प्रश्न विचारले होते. ह्याच क्रमाने."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"एक मजूर दुसऱ्या मजुराला काहीतरी शिकवतो," बाबा म्हणाले, "ना फी, ना दीक्षा, ना भाषा. तो पुढे चौदा मुलांना फुकट शिकवतो. ट्रंकेतल्या सगळ्या पत्रकांत याहून जास्त काय मागितलंय गं? आणि तू त्याला गोत्र विचारलंस."

कार्यक्रमात त्या वीस मिनिटांत कुणीतरी लावणीवर नाच केला. काकांच्या पत्नी आल्या होत्या, कारण तिकीट रद्द होत नव्हतं. दोघं मागच्या रांगेत बसले होते. मध्यंतरात काकूंनी मला जवळ बोलावून हातावर आंबावडी ठेवली. म्हणाल्या, "हे सांगत होते, तू फार हुशार आहेस. यांच्या चुका काढल्यास म्हणे. आम्हाला कुणालाच कधी जमलं नाही." त्यांना सगळं माहीत होतं की काहीच माहीत नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. वडी मात्र मी न खाता पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर काका पुढची दोन वर्षं कागद मिळवण्याच्या मागे होते. दुकमची ती साइट चालवणाऱ्या कंपनीला त्यांनी पत्रं लिहिली: अमुक साली, अमुक नंबरच्या हेल्मेटचा वेल्डर, वय अंदाजे साठ, उजव्या भुवईवर भाजल्याचा व्रण, त्याचा पत्ता मिळेल का. एकदा उत्तर आलं की जुन्या कंत्राटदाराच्या नोंदी आमच्याकडे नाहीत. बाकीच्या पत्रांना उत्तरं आली नाहीत. दोनतीन पालकांनी येऊन सांगितलं, काका, सोडा तो कागद, मुलं मागे लागलीत. काका त्यांना चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. मी तर दर पंधरवड्याला जात होते. एकदा मी म्हणाले, "काका, ज्याने पहिल्यांदा क्रौंच बघून ही शैली काढली त्याच्याकडे कुठला कागद होता? त्यानेही चिखलात उभा राहून पक्षीच बघितला असेल ना?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. तेव्हा का नाही लिहिलास?"

मग ते निवृत्त होऊन गावी गेले. जाताना घरातलं सामान वाटलं. आमच्या वाट्याला इस्त्री आली. त्या दोन वर्षांत, लिफ्टपाशी, गॅलरीत, चहाच्या दुकानासमोर, मी त्यांना दोन्ही पाय जमिनीवर टेकवूनच उभं असलेलं पाहिलं. त्यामुळे ते अचानक कमी उंच दिसायला लागले होते. पार्किंगमधल्या त्या जागी आता पांढरे पट्टे मारून गाड्या लावतात. चौदातली बरीच मुलं मोठी होऊन परदेशी शिकायला गेली. मी नोकरीला लागले, अजूनही लिहिते, आणि कुणाविरुद्ध काही लिहिलं की ते आधी त्या माणसाला नेऊन दाखवते. त्याने लिखाणाची धार कमी होते असं मित्र म्हणतात. होत असेल.

गेल्या महिन्यात मी त्यांना फोन केला. सकाळची वेळ होती, पलीकडे कोंबडा आरवत होता आणि काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आईचे गुडघे, इथला उन्हाळा. मग मी इतकी वर्षं मनात जुळवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "काका, मी चुकले. मला माफ करा."

"कशात चुकलीस?" ते खरोखर गोंधळले. "तिन्ही शब्द बरोबर होते की तुझे."

"शब्द नाही हो काका."

"मग?"

 ज्याला झालेला अन्याय मान्यच नाही त्याची माफी कशी मागायची, हे कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. मी म्हणाले, "मला शिकवा. बगळा."

"मी शिकवत नाही आता. तुला माहीत आहे."

"नका शिकवू. मी नुसती उभी राहते. तुम्ही आपले बोलत राहा."

"मला इथून काय दिसतंय, तू उभी आहेस की बसली आहेस," काका म्हणाले, आणि भाताच्या लावणीबद्दल बोलायला लागले. मी गॅलरीत एक पाय उचलला, फोन कानाशी धरला. खाली अल् खुवैरचा रस्ता गाड्यांनी भरून वाहत होता. काका पाणी चढल्याबद्दल बोलले, बियाण्याबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल बोलले. माझी पोटरी थरथरायला लागली, मी आवाज न करता दात आवळून धरले. म्हशीची गोष्ट मध्येच थांबली. 

"हे शिकवणं नाही, हं," काका हळूच म्हणाले. "पण पाय बदल आता. दमलीस तू."